बांधापासून जगापर्यंत : शांतियात्री आचार्य विनोबा भावे

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हा आमचा तालुका नकाशावर शोधावा लागतो. काळी जमीन, तूर, सोयाबीन, ज्वारी, पावसाकडे लागलेले डोळे आणि दोन शेतांमधला हातभर बांध, असे येथील जीवन आहे. ह्या हातभर बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात. मोजणी होते, पुन्हा मोजणी होते, खटले पिढ्यान्‌पिढ्या चालतात. रविवारी मिस्साबलिदानात आपण शेजाऱ्याला शांतिचिन्ह देतो, आणि सोमवारी तोच हात तहसील कचेरीत भावाविरुद्धच्या अर्जावर सही करतो.

अशा ठिकाणी अण्वस्त्रबंदीचा विषय काढला, की ऐकणाऱ्याला नवल वाटते. बॉम्ब कोठे आणि आपण कोठे! परंतु विनाश म्हणजे काय, हे आमच्या भागाला शिकवावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणी कापली, काही क्षणांत गावेच्या गावे ढासळली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या भूकंपाला थोपविणे कोणाच्याच हाती नव्हते. अण्वस्त्रांचे तसे नाही. ती माणसाने घडविली आहेत, माणूसच ती राखतो, आणि ती टाकून देणेही माणसाच्याच हाती आहे. जगातील नऊ देशांकडे आज मिळून सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत. ती ज्या भीतीच्या आणि अविश्वासाच्या पायावर उभी आहेत, तीच भीती आणि तोच अविश्वास आमच्या बांधावरही उभा आहे.

बांधापासून बॉम्बपर्यंतचा हा धागा ज्यांनी आपल्या जीवनात उलगडून दाखविला, ते आपल्याच महाराष्ट्राचे सुपुत्र आचार्य विनोबा भावे होत. ते ख्रिस्ती नव्हते. मात्र डोंगरावरील प्रवचनाचे ते निष्ठावान वाचक होते, आणि बायबलमधील वचनांचे त्यांनी केलेले संकलन ‘ख्रिस्तधर्म-सार’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली दिली आहे. त्या शिकवणुकीला स्मरून आम्ही ह्या शांतियात्रीचे जीवन भाविकांपुढे ठेवीत आहोत.

आईचे संस्कार

विनायक नरहर भावे ह्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे ह्या खेड्यात झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत, आणि पुढे सारे कुटुंब तेथेच गेले. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण भक्ती त्यांच्या कामाकाजात मुरलेली होती. देणाऱ्याला त्या देवाच्या पंक्तीला बसवीत आणि साठवून ठेवणाऱ्याला राक्षसाच्या.

शेजारच्या घरी कोणी आजारी पडले, की त्या घरचा स्वयंपाकही रुक्मिणीबाई करीत. मात्र आधी स्वतःच्या घरचा उरकीत आणि मग तिकडे जात. लहानग्या विन्याला ह्यात स्वार्थ दिसला व त्याने तसे आईला बोलूनही दाखविले. शेजाऱ्यांचा स्वयंपाक आधी केला, तर जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांचे अन्न निवून जाईल, म्हणून आपण तो नंतर करतो, असे आईने शांतपणे समजावले. कृतीपूर्वी समोरच्याच्या गरजेचा विचार करावा, हा धडा मुलाने तेथे घेतला. विनोबांच्या शांतिविचाराची पहिली शाळा ती चूल होती, असे आम्हांस वाटते.

आईला गीता वाचावयाची होती, पण संस्कृत येत नव्हते. तिच्या इच्छेतूनच पुढे ‘गीताई’ हा मराठी समश्लोकी अनुवाद जन्मास आला. तो १९३२ साली प्रसिद्ध झाला. आई मात्र १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत निवर्तली होती.

हिमालय की बंगाल?

तरुण विनायकाच्या मनाला दोन ओढी होत्या. एक हिमालयाची : तेथे जावे, तप करावे, अंतरीची शांती मिळवावी. दुसरी बंगालची : तेथील क्रांतिकारकांत सामील व्हावे आणि देश स्वतंत्र करावा. कॉलेजात शिकत असतानाच एके दिवशी त्याने आपली प्रमाणपत्रे आईदेखत चुलीत घातली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा विद्यार्थी सुरतेलाच गाडीतून उतरला आणि काशीकडे वळला. काशीहून हिमालयाचीही वाट फुटते आणि बंगालचीही.

त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात काशीच्या हिंदू विद्यापीठाच्या समारंभात महात्मा गांधींचे गाजलेले भाषण झाले होते. त्याचा वृत्तान्त विनायकाच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला, बोलावणे आले, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती ह्या दोन्ही गोष्टी आपल्याला गांधीजींजवळ एकत्र सापडल्या, असे विनोबा पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

ह्या एका अनुभवात त्यांच्या साऱ्या जीवनाचे सूत्र आहे. अनेकांना शांती म्हणजे जगापासून दूर, दार लावून बसणे वाटते. काहींना जग बदलण्याच्या धडपडीत स्वतःच्या मनातील रागद्वेषाकडे पाहण्यास सवड होत नाही. विनोबांनी दोन्ही कामे एकाच वेळी हाती घेतली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाहीत.

तुरुंगातील तपश्चर्या

१९२१ साली गांधीजींनी विनोबांना वर्ध्याच्या आश्रमाची धुरा सांभाळण्यास पाठविले. सूतकताई, दळण, झाडलोट, अध्यापन आणि प्रार्थना ह्यांत वर्षे गेली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. सहबंदी साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ‘गीता-प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. १९३८ मध्ये प्रकृती पार खालावली, तेव्हा ते पवनारला धाम नदीकाठी राहावयास गेले. नदीवरील पूल ओलांडताना आपण साऱ्या चिंता सोडून दिल्या आहेत, असा त्यांनी मनाशी संकल्प केला. तेथे कुदळीने शेत खणता खणता शरीरही सावरले.

मग दुसरे महायुद्ध आले. भारताच्या लोकांना न विचारता त्यांचा देश युद्धात ओढला गेला होता. ह्या युद्धाविरुद्ध वैयक्तिक सत्याग्रह करण्यासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे त्यांनी युद्धविरोधी भाषण केले. दुसरे सत्याग्रही म्हणून पंडित जवाहरलाल नेहरूंचे नाव होते. नेहरूंना सारे जग ओळखत होते, विनोबांना फारसे कोणी ओळखत नव्हते. परंतु युद्धाला नकार देणाऱ्याचे मन आधी निर्वैर असले पाहिजे, ह्या कसोटीला गांधीजींच्या नजरेत ते उतरले होते.

१९४२ च्या चळवळीत त्यांना पुन्हा अटक झाली आणि वेलोर व सिवनी येथील तुरुंगांत त्यांची जवळजवळ तीन वर्षे गेली. बाहेर शहरे जळत असताना १९४४ साली सिवनीच्या कोठडीत ते सोबत्यांना स्थितप्रज्ञाची, म्हणजे मन डळमळू न देणाऱ्या पुरुषाची, लक्षणे समजावून सांगत होते.

१९४५ साली त्यांची सुटका झाली, आणि थोड्याच दिवसांत हिरोशिमाची बातमी आली. तो दिवस ६ ऑगस्टचा, म्हणजे आपल्या उपासना-पंचांगातील प्रभू येशूच्या रूपांतराच्या सणाचा होता. ज्या दिवशी ख्रिस्तसभा पर्वतावरील त्या प्रकाशाचे स्मरण करते, त्याच दिवशी माणसाने दुसराच एक भयंकर प्रकाश पेटविला. तीन दिवसांनी नागासाकीवर पडलेला बॉम्ब उराकामी येथील कॅथोलिक महामंदिरापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर फुटला. दोन अडीचशे वर्षांच्या छळात ज्यांनी लपूनछपून श्रद्धा जपली, त्या जपानी ख्रिस्ती कुटुंबांची ती वस्ती. तेथील सुमारे १२ हजार कॅथोलिकांपैकी सुमारे साडेआठ हजार मृत्यू पावले. तो बॉम्ब टाकणारे राष्ट्रही ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचेच होते, हे आपण विसरता कामा नये.

आपल्या मातीच्या जखमा आणि पोचमपल्ली

विनोबांचे पुढील कार्य ज्या भूमीत सुरू झाले, ती आपल्यालाही परकी नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण हे दोन्ही एकाच हैदराबाद राज्याचे भाग होते. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबाद आणि बीदर ह्या जिल्ह्यांत विभागलेला होता. रझाकारांचे अत्याचार येथील वृद्धांनी आपल्या मुलानातवंडांना सांगितले आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले; परंतु त्यानंतर सूडाची लाट उसळली आणि निरपराध मुसलमान कुटुंबे तिला बळी पडली. पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा आणि नांदेड ही नावे नोंदविली आहेत. त्या जखमांविषयी आमच्या गावांत आजही दबक्या आवाजातच बोलले जाते. एका बाजूची भीती दुसऱ्या बाजूच्या हाती शस्त्र कशी देते, हे आपल्या भागाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

तिकडे तेलंगणात जमीनदार आणि भूमिहीन ह्यांच्यातील संघर्ष रक्तरंजित झाला होता. रात्री सशस्त्र बंडखोर येत आणि दिवसा पोलीस. अशा वेळी, ८ मार्च १९५१ रोजी, पंचावन्न वर्षांचे विनोबा वर्ध्याहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी निघाले. सुमारे तीनशे मैलांचे अंतर त्यांनी पायी तोडले. संमेलन संपल्यावर ते परत न फिरता अशांत गावांतून चालू लागले.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी दलित वस्तीतील लोकांनी त्यांच्याकडे जगण्यापुरती ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज पाठविण्याचा विचार मनात असतानाच विनोबांनी जमलेल्या गावकऱ्यांना विचारले, की तुमच्यापैकी कोणी काही देऊ शकेल काय? वेदिरे रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी १०० एकर देऊ केले. त्या रात्री विनोबांना झोप आली नाही. एका माणसाच्या हृदयाची मूठ उघडली, तर इतरांची का उघडणार नाही, ह्या विचारातून भूदान-यज्ञाचा जन्म झाला.

पुढील तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले. पहाटे उठून प्रार्थना करावी, पुढच्या गावाची वाट धरावी, तेथे सभा घ्यावी, जमीन मागावी, असा क्रम चालला. मला तुमच्या घरातील आणखी एक मुलगा समजा आणि माझा वाटा द्या, अशा भावाने ते मागत. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात जाहीर झाली. त्यातील पुष्कळशी नापीक निघाली, काही वादात अडकली, बरीच कधीच वाटली गेली नाही. हे खरे आहे आणि सांगितले पाहिजे. तरी लाखो एकर जमीन बंदुकीवाचून आणि खटल्यावाचून भूमिहीनांच्या हाती गेली, हेही तितकेच खरे आहे. जगात अशी दुसरी घटना सहसा आढळत नाही.

मार खाणारी आणि दार उघडणारी शांती

मनाच्या शांतीची परीक्षा एकांतात होत नाही, ती अपमानाच्या वेळी होते. सप्टेंबर १९५३ मध्ये तेव्हाच्या बिहारमधील वैद्यनाथधाम येथे विनोबा दलित बांधवांसह मंदिराकडे गेले असता पंड्यांनी त्यांना मारहाण केली. त्यांच्या कानाला कायमची इजा झाली. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, असे विनोबांनी जाहीर केले. १९५५ मध्ये जगन्नाथपुरीला त्यांच्यासोबतच्या एका फ्रेंच भगिनीस प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा तेही दर्शन न घेता दारातूनच माघारी फिरले. पुढे मे १९५८ मध्ये पंढरपूरच्या विश्वस्तांनी त्यांना बोलाविले, आणि विठ्ठलाच्या मंदिरात ते ख्रिस्ती व मुसलमान सहकाऱ्यांसह गेले. पुरीच्या बंद दारापुढे त्यांनी क्रोध केला नाही, आणि पंढरीचे दार उघडले तेव्हा जिंकल्याचा उत्सव केला नाही. विठ्ठलापुढे उभे असता त्यांच्या डोळ्यांतून आसवे वाहिली.

१९५७ साली केरळमध्ये त्यांनी शांतिसेना स्थापन केली. दर पाच हजार लोकांमागे एक, असे देशभर ७० हजार शांतिसैनिक असावेत, ही त्यांची कल्पना होती. दंगल पेटली की ह्या सैनिकाने निःशस्त्र होऊन दोन जमावांच्या मध्ये उभे राहावे, आणि शांततेच्या काळात घरोघरी सेवा करावी. त्याच सुमारास त्यांनी ‘जय जगत्’ हा मंत्र दिला. एका देशाच्या जयात दुसऱ्या देशाचा पराजय दडलेला असतो. साऱ्या जगाच्या जयात कोणी हरत नाही, हा त्याचा आशय होय.

शांतिसेनेच्या निर्वाहासाठी त्यांनी सुचविलेला उपाय आमच्यासारख्या शेतकरी भाविकांना विशेष भावतो. प्रत्येक घरात एक सर्वोदय-पात्र ठेवावे आणि घरातील लहान मुलाने रोज त्यात मूठभर धान्य टाकावे. त्या धान्याचे मोल थोडे. पण अशांतीच्या कामात आमचे घर भाग घेणार नाही, असे ते रोजचे मत होते. लहान मुलाच्या मुठीपासून विश्वशांतीचा आरंभ करणारी ही कल्पना आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतील मूठभर धान्याच्या दानाशी किती जवळची आहे!

मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली आणि ते न्यायालयाला सामोरे गेले. ज्यांना पोलिसांच्या बंदुका वाकवू शकल्या नव्हत्या, त्यांच्यासमोर हा कृश देहाचा वृद्ध रिकाम्या हातांनी गेला होता.

अणुयुगाविषयी विचार

अण्वस्त्रांविषयी विनोबांचा विचार प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. आपल्याला अणुबॉम्बपेक्षा लाठी, सुरी आणि पिस्तूल ह्यांची भीती अधिक वाटते, असे ते सांगत. बॉम्बचा धोका त्यांना कळला नव्हता, असा ह्याचा अर्थ नाही. त्यांचे म्हणणे असे, की अणुबॉम्बने मानवजातीपुढे दोनच वाटा उरविल्या आहेत : सर्वनाश किंवा अहिंसा. एवढी मोठी शस्त्रे वापरणारा स्वतःही उरत नाही, म्हणून केव्हातरी माणसाला ती टाकावीच लागतील. परंतु घराघरांतील लहान शस्त्रे आणि मनामनांतील लहान वैरे तशीच राहिली, तर टाकलेले बॉम्ब पुन्हा बनतील. बनविण्याची विद्या तर माणूस आता विसरू शकत नाही.

ह्यातून त्यांनी आपले प्रसिद्ध समीकरण मांडले. विज्ञानाला हिंसेची जोड मिळाली, तर सर्वनाश. विज्ञानाला आत्मज्ञानाची जोड मिळाली, तर सर्वोदय. विज्ञान हे पायांसारखे आहे, गती देते. दिशा दाखविणारे डोळे आत्मज्ञानाचे हवेत. अंतरीची शांती ही त्यांच्या लेखी साधुसंतांची मिरास राहिली नाही. अणुयुगात ती मानवजातीच्या अस्तित्वाची अट झाली.

ह्या विचारावर आक्षेप घेता येतो. मन शुद्ध होईपर्यंत शस्त्रे तशीच ठेवावयाची काय, असे कोणी विचारील. विनोबांच्या भोवतालच्या माणसांनी ह्या प्रश्नाचे उत्तर पायांनी दिले.

चार राजधान्या आणि चहाच्या चार पुड्या

वयोवृद्ध तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल ह्यांना अण्वस्त्रविरोधी आंदोलनात १९६१ मध्ये तुरुंगवास झाला. ते वाचून सतीशकुमार आणि ई. पी. मेनन ह्या विनोबांच्या दोन तरुण अनुयायांची झोप उडाली. दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन ह्या अण्वस्त्रधारी राजधान्यांपर्यंत चालत जाण्याचे त्यांनी ठरविले व विनोबांचा आशीर्वाद मागितला. विनोबांनी आशीर्वादासोबत एक अट घातली : जवळ पैसा घेऊ नये. पैसा असला की माणूस खाणावळ शोधतो. पैसा नसला की त्याला कोणाचे तरी दार ठोठवावे लागते आणि विश्वास ठेवावा लागतो. प्रभू येशूने शिष्यांना थैली न घेता पाठविले होते, त्याची येथे आठवण होते.

१ जून १९६२ रोजी गांधीजींच्या समाधीपासून दोघे निघाले. फाळणीच्या जखमा ताज्या असताना ते पाकिस्तानात शिरले आणि तेथील लोकांनी त्यांना जेवू घातले. अफगाणिस्तान व इराण ओलांडून ते सोव्हिएत संघात पोहोचले. काळ्या समुद्राच्या परिसरात चहाच्या कारखान्यातील एका कामगार स्त्रीने त्यांच्याजवळ चहाच्या चार पुड्या दिल्या. अण्वस्त्रधारी चारही देशांच्या प्रमुखांना त्या द्याव्यात आणि बॉम्बचे बटण दाबावेसे वाटेल तेव्हा आधी क्षणभर थांबून हा चहा घ्यावा, एवढे सांगावे, अशी तिची विनंती होती. फ्रान्समध्ये त्यांना तुरुंग घडला. इंग्लंडमध्ये रसेल भेटले. अटलांटिक महासागर जहाजाने ओलांडून १९६४ च्या आरंभी ते वॉशिंग्टनला पोहोचले. बॉम्ब एकही कमी झाला नाही. पण शत्रू म्हणून ज्यांची भीती घातली जाते त्यांच्याच घरी रात्रीचा आसरा मिळतो, हे त्या दोघांनी देशोदेशी अनुभवले होते.

विनोबांचा दुसरा एक सहप्रवासी तर कॅथोलिकच होता. इटलीत जन्मलेले लांझा देल वास्तो भारतात गांधीजींकडे आले आणि त्यांच्याकडून शांतिदास हे नाव घेऊन परतले. १९५४ साली पुन्हा येऊन ते विनोबांबरोबर गावोगाव चालले आणि त्या पदयात्रेवर त्यांनी फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला. १९६३ च्या उपवासकाळात त्यांनी रोममध्ये चाळीस दिवसांचा उपवास केला. पोप महोदयांनी अण्वस्त्रस्पर्धेविरुद्ध स्पष्ट शब्द उच्चारावा, ही त्यामागील प्रार्थना होती. त्याच वर्षी ११ एप्रिल रोजी संत पोप योहान तेविसावे ह्यांचे ‘पाचेम इन तेर्रिस’, म्हणजे पृथ्वीवर शांती, हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. अण्वस्त्रांवर बंदी आणावी असे त्यात सांगितले आहे, आणि निःशस्त्रीकरण माणसाच्या अंतःकरणापर्यंत पोहोचले नाही तर ते पूर्ण होणार नाही, असेही स्पष्ट केले आहे. पवनारच्या ऋषीचा आणि रोमच्या धर्मपित्याचा विचार येथे एकाच ठिकाणी येऊन भेटतो.

डिसेंबर १९६४ मध्ये संत पोप पॉल सहावे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय पवित्र मिस्सा परिषदेला आले असता, राष्ट्रांनी शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग तरी गरिबांसाठी वळवावा, असे आवाहन त्यांनी आपल्याच महाराष्ट्राच्या भूमीवरून जगाला केले. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१७ साली अण्वस्त्रे नुसती बाळगण्याचाही निषेध केला आणि २४ नोव्हेंबर २०१९ रोजी हिरोशिमात उभे राहून ते अनैतिक ठरविले. अण्वस्त्रबंदीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २२ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. त्याला सर्वप्रथम मान्यता देणाऱ्यांत व्हॅटिकन होते. अण्वस्त्रधारी नऊ देशांपैकी कोणीही त्यात सामील नाही, आणि आपला भारत त्या नऊंपैकी एक आहे. ८ मे २०२५ रोजी निवड झालेल्या पोप लिओ चौदावे ह्यांनी पहिल्याच अभिवादनात पुनरुत्थित ख्रिस्ताच्या निःशस्त्र आणि निःशस्त्र करणाऱ्या शांतीचा उच्चार केला.

अखेरची वर्षे

१९७० पासून विनोबांनी प्रवास थांबविला आणि पवनार सोडावयाचे नाही असे ठरविले. तेथे साधना करणाऱ्या भगिनींसाठी त्यांनी १९५९ मध्येच ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले होते. २५ डिसेंबर १९७४ रोजी, नाताळच्या दिवशी, त्यांनी एक वर्षाचे मौन आरंभिले. त्या काळात देशावर आणीबाणी आली. त्यांनी तिचा उघड विरोध केला नाही, म्हणून त्यांच्या कित्येक चाहत्यांनाही दुःख झाले, आणि ती टीका आजही होते. थोरांच्या जीवनातील अशा गोष्टी झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. अंतरीची शांती लाभलेल्या माणसालाही केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, हा निर्णय कठीण जातो, एवढे त्यातून आपण शिकावे.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. ह्या निर्णयाविषयी ख्रिस्ती श्रद्धेची भूमिका वेगळी आहे. तरी मृत्यूला त्यांनी भीतीवाचून तोंड दिले, हे साऱ्यांनी पाहिले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, पवनार येथे त्यांची प्राणज्योत मालवली. आपला लातूर जिल्हा त्याच वर्षी १६ ऑगस्टला जन्मास आला होता. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

आपल्यासाठी

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यात आपली ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आणि संख्येने थोडी आहेत. राजधान्यांतील निर्णय आपल्याला विचारून होत नाहीत. म्हणून आपल्या प्रार्थनेला अर्थ नाही, असे मात्र समजू नये. पोचमपल्लीला उठून उभा राहिलेला माणूस एकच होता. चहाच्या पुड्या देणारी स्त्री एक साधी कामगार होती. विनोबांच्या शांतीला दोन पाय होते. ती प्रार्थनेत जन्मली आणि लोकांच्या दारापर्यंत चालत गेली. आपली शांती पुष्कळदा प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांवरच थांबते.

तेव्हा भाविकांपुढे आम्ही तीन गोष्टी नम्रपणे ठेवतो. ज्या भावाशी अथवा शेजाऱ्याशी बांधाचे वैर आहे, त्याच्या दारी एकदा आपण होऊन जावे. हातभर जमीन सोडावी लागली तरी जावे. घरातील मुलांच्या हातून रोज मूठभर धान्य शांतीच्या नावाने बाजूला काढावे आणि ते धर्म न विचारता गरजूला द्यावे. आणि दरवर्षी ६ व ९ ऑगस्ट रोजी हिरोशिमा आणि नागासाकीच्या मृतांसाठी प्रार्थना करताना आपल्या देशासह सर्व अण्वस्त्रधारी देशांच्या नेत्यांना ती शस्त्रे खाली ठेवण्याचे धैर्य लाभावे, असे परमेश्वराजवळ मागावे.

शांती करणाऱ्यांना प्रभू येशूने देवाची मुले म्हटले आहे. त्या कुटुंबात आपल्या महाराष्ट्राचा हा पदयात्री आपल्या आधी जाऊन बसलेला दिसला, तर आम्हांला नवल वाटणार नाही, आनंदच होईल.